भाऊ कोलमडला, मी नाही; मग परिस्थितीचा दोष कसा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुम्ही म्हणता, गेल्या काही वर्षांत तुमच्या वस्तीत झोप न लागणं, सततची चिडचिड, उदासी, गोळ्यांवर दिवस ढकलणं हे घरोघरी दिसू लागलंय. काहीजण म्हणतात हल्लीच्या माणसांची मनंच कच्ची, काहीजण सगळं खापर परिस्थितीवर फोडतात. तुम्ही आणि तुमचा धाकटा भाऊ एकाच छपराखाली, एकाच ओढाताणीत वाढलात. तो नैराश्यात गेला, तुम्ही उभे राहिलात. मग परिस्थितीला जबाबदार कसं धरायचं? आणि ती जबाबदार असेलच, तर समुपदेशन आणि औषधांचा उपयोग काय?

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. २२ वर्षं ओपीडी सांभाळली, त्यातली बरीचशी वर्षं वस्त्यांमधल्या केंद्रांत बसून. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल निदान करणार नाही. पण प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर "दोन्हीही असतं" असं म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

मुळात इथे दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. "माझा भाऊच का?" हा एक आणि "आमच्याकडे एवढे जण का?" हा दुसरा. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ साली हा फरक नेमका दाखवून दिला: एका माणसाला आजार का झाला याचं कारण आणि एखाद्या समाजात त्या आजाराचं प्रमाण इतकं का याचं कारण एकच असेल असं नाही. शिकाऊ डॉक्टरांना मी हे तळ्याचं उदाहरण देऊन सांगते. तळ्यात कमीजास्त उंचीचे दगड आहेत. पाणी चढलं की आधी ठेंगणे दगड बुडतात. कोणता दगड बुडाला हे त्याच्या उंचीवर ठरतं: जन्मजात घडण, लहानपणी वाट्याला आलेलं काहीतरी, एखादा आजार, वेळेवर मिळालेला किंवा न मिळालेला आधार. पण किती दगड बुडाले हे पाण्यावर ठरतं. तुम्ही दोघं एकाच पाण्यात होतात. तुम्ही बुडाला नाहीत, यावरून पाणी चढलं नव्हतं असं सिद्ध होत नाही.

पाणी चढतं तेव्हा न बुडालेल्यांच्याही गळ्याशी येतं. ज्यांना कुणी रुग्ण म्हणणार नाही अशी माणसं मुलांवर खेकसू लागतात, शेजाऱ्याशी बोलणं टाळतात, क्षुल्लक गोष्टीवरून हमरीतुमरीवर येतात. तुम्हाला वस्तीत दिसतंय ते बहुधा हेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात ९७ कोटी लोक कुठल्या ना कुठल्या मानसिक विकारासह जगत होते, म्हणजे दर आठ माणसांमागे एक. त्या एकाची मोजणी होते. बाकीच्या सात जणांपैकी किती जण काठावर आहेत, हे आकड्यात येत नाही.

आता एक रास्त शंका. कदाचित उलटंच होत असेल: आजारी माणूस नोकरी टिकवू शकत नाही, भाडं देऊ शकत नाही आणि सरकत सरकत वाईट वस्तीत येऊन पडतो. मग वस्तीला दोष कसा द्यायचा? हा वाद जुना आहे. रॉबर्ट फॅरिस आणि वॉरन डनहॅम या समाजशास्त्रज्ञांनी १९३९ साली शिकागो शहराचा अभ्यास मांडला, त्यात स्किझोफ्रेनियाचे (भास आणि भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचे) रुग्ण शहराच्या मध्यभागातल्या पडझडीच्या, सतत भाडेकरू बदलणाऱ्या भागांत सर्वाधिक होते आणि बाहेरच्या भागांकडे जाताना प्रमाण घटत जात होतं. परिसरानं आजारी केलं की आजारी माणसं तिथे वाहत आली, यावर पुढे कित्येक दशकं खल झाला. माझ्या ओपीडीत मला दोन्ही दिसतं. स्किझोफ्रेनियात माणूस घसरत खाली येणं जास्त दिसतं, नैराश्य आणि व्यसनात परिस्थितीचा धक्का जास्त दिसतो. १९९२ साली ब्रूस डोहरनवेंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्रायलमध्ये केलेल्या अभ्यासाचा निष्कर्षही साधारण याच दिशेचा होता.

तरी "परिस्थिती बदलली की मन खरंच बदलतं का?" हे पाहायचं तर परिस्थिती बदलून पाहायला हवी. डॉक्टरांना तसं करता येत नाही. पण कधीकधी ते आपोआप घडतं, आणि नेमके त्या वेळी अभ्यासक तिथे असतात.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात १९९३ पासून १,४२० मुलांच्या मनःस्वास्थ्याची दरवर्षी पाहणी चालू होती. त्यातली सुमारे पाव मुलं तिथल्या मूळनिवासी समाजाची होती. पाहणी चालू असतानाच त्या समाजाच्या जमिनीवर कॅसिनो सुरू झाला आणि त्याच्या नफ्यातला वाटा समाजातल्या प्रत्येक कुटुंबाला मिळू लागला. कोण मेहनती, कोण आळशी असा भेद न करता, सगळ्यांनाच. काही कुटुंबं त्यामुळे गरिबीतून बाहेर आली. जेन कॉस्टेलो आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जे मांडलं ते मी आजही नव्या डॉक्टरांना सांगते: त्या कुटुंबांतल्या मुलांची उद्दाम, भांडखोर, नियम मोडणारी वागणूक कमी होऊन कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीला आली. ज्यांची गरिबी हटली नाही त्यांच्यात तो फरक पडला नाही. मुलं तीच, आईबाप तेच. बदल कशातून झाला याचा शोध घेतल्यावर दिसलं की आईवडिलांना मुलांकडे लक्ष द्यायला जास्त सवड मिळू लागली होती. मात्र त्याच अभ्यासात मुलांची चिंता आणि उदासी यांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे पैशानं सगळंच सुटतं असं नाही. कोणती गाठ कशानं सुटते, हे वेगवेगळं पाहावं लागतं.

दुसरं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं, कारण त्यात घरात पैसा आला नाही, फक्त घरातली पायाखालची जमीन बदलली. मेक्सिकोत कोआविला राज्यानं २००० च्या सुमारास एक योजना काढली: ज्यांच्या घरात मातीची जमीन आहे त्यांना सिमेंटची करून द्यायची. राज्याच्या सीमेवर टोरेऑन हे शहर आहे आणि त्याला लागूनच, पण दुसऱ्या राज्यात, त्याच्याच जुळ्यासारखी शहरं आहेत. अलीकडे योजना आली, पलीकडे नाही. काही वर्षांनी तुलना केली तेव्हा सिमेंटची जमीन मिळालेल्या घरांत लहान मुलांचे जंत, जुलाब आणि रक्तक्षय कमी झाले होते. त्यात नवल नाही. पण त्या मुलांच्या आयांमध्ये नैराश्याची लक्षणं आणि ताणही लक्षणीय कमी होता. त्यांचं कुणी समुपदेशन केलं नव्हतं. घराचं उत्पन्नही वाढलं नव्हतं.

यावर मी बराच विचार केलाय. रांगतं मूल खाली ठेवलं की ते माती तोंडात घालणार, आठवड्यानं पोट बिघडणार, रात्र जागून काढावी लागणार, हे ठाऊक असलेली आई दिवसभर कशी वावरत असेल? जमीन झाडून झाडून स्वच्छ होतच नाही. आपण आई म्हणून कमी पडतो असं तिला रोज वाटत राहतं आणि त्या वाटण्याचं कारण तिच्या पायाखालीच असतं. अशी बाई माझ्यासमोर आली असती तर पूर्वी मी केसपेपरवर "अपराधीपणाची भावना, झोप कमी" असं लिहिलं असतं. घरात जमीन कसली आहे, हे मी विचारलं नसतं.

विचारलं नाही म्हणून माझी झालेली एक चूक सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. तिशीतला एक माणूस माझ्याकडे यायचा. छातीत धडधड, झोप नाही, बायकोवर हात उगारण्यापर्यंत राग. गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम. तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत. मी चिंतारोगाचं औषध सुरू केलं, दोनदा डोस वाढवला. फरक तात्पुरता. तिसऱ्या फॉलोअपला एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तो बोलताना मोबाईल मांडीवर पालथा ठेवायचा आणि दर मिनिटा-दोन मिनिटांनी अंगठ्यानं त्याची कड उचलून बघायचा. मला वाटलं, मोबाईलचा नाद. विचारलं तेव्हा म्हणाला, "मॅडम, उद्याची शिफ्ट कधी पडेल सांगता येत नाही. मेसेजला दहा मिनिटांत हो म्हटलं नाही तर दुसऱ्याला जाते."

हा मेसेज रात्री अकराला यायचा, कधी पहाटे चारला. काम पहाटेचं असायचं, नाहीतर रात्रपाळीचं, नाहीतर नसायचंच. मुलाला शाळेतून आणायचं वचन त्यानं दिलेलं असायचं आणि ते मोडायचं. झोप येण्याच्या वेळी तो मेसेजची वाट बघत असायचा, म्हणजे त्याच्या शरीराचं जागं राहणं हे त्याचं कामच होतं आणि मी त्याला झोपेची गोळी देत होते. पुढे त्याच्या सोबतच्या कामगारांनी मिळून सुपरवायझरकडून आठवड्याचं वेळापत्रक शनिवारी लावून घेतलं. तास तेवढेच राहिले, पगार तेवढाच, काम तितकंच अंगमोड करणारं. दोन महिन्यांत त्याचा डोस मी निम्म्यावर आणला. औषध पूर्ण सुटायला वर्ष लागलं, कारण एवढा काळ घट्ट पिळलेली दोरी लगेच सैल होत नाही. पण त्याला उलगडायला जागा दिली ती त्या शनिवारच्या कागदानं.

माझं उत्तर याच अनुभवाभोवती उभं आहे. कष्ट माणसाला थकवतात, पण मन बहुतेक वेळा मोडतं ते पुढे काय होणार याचा अंदाज नसणं आणि त्यावर आपला काडीइतकाही ताबा नसणं यामुळे. माझ्या एकटीच्या ओपीडीतलं हे निरीक्षण नाही. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली नोकरीतल्या ताणाचा अभ्यास करून दाखवलं की कामाचा बोजा जास्त आणि निर्णयाची मुभा कमी, ही जोडी सर्वांत घातक. बोजा जास्त असूनही मुभा असेल तर माणूस तगतो, कधीकधी फुलतोसुद्धा. लंडनमधल्या १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल नावानं ओळखला जाणारा अभ्यास १९८५ मध्ये मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. त्यातही कामावर ताबा नसलेल्यांमध्ये नैराश्याचं आणि हृदयविकाराचं प्रमाण जास्त निघालं. ही माणसं उपाशी नव्हती, बेघर नव्हती. सगळे पगारदार. तरी शिडीची प्रत्येक पायरी खाली गेलं की तब्येत थोडी ढासळलेली.

शरीरात काय होतं तेही थोडक्यात सांगते. संकट आलं की कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनालिन ही संप्रेरकं वाढतात, नाडी जलद होते, झोप उडते. संकट टळलं की सगळं पूर्ववत होतं. ही यंत्रणा उत्तम आहे, फक्त ती थोड्या वेळासाठी बनलेली आहे. संकट कधी येणार हेच कळत नसेल तर ती बंदच होत नाही. मेंदूवैज्ञानिक ब्रूस मॅकएवन यांनी या साचत जाणाऱ्या झिजेला नाव दिलं आणि तिचा मेंदूवर, स्मरणशक्तीवर, रक्तदाबावर कसा परिणाम होतो हे आयुष्यभर अभ्यासलं. त्यामुळे "मनावर घेऊ नकोस" हा सल्ला अशा माणसाला देणं म्हणजे धावत्या माणसाला धापा टाकू नकोस म्हणण्यासारखं आहे.

टंचाई विचारशक्तीही खाते. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची ऊसतोडणीच्या आधी, म्हणजे हातात पैसा नसताना, आणि तोडणीनंतर, पैसे आल्यावर, बुद्धिमापन पद्धतीची चाचणी घेतली गेली. २०१३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तीच माणसं तोडणीआधी कमी गुण मिळवत होती. "गरीब माणसं चुकीचे निर्णय घेतात म्हणून गरीब राहतात" असं म्हणणाऱ्यांना मी हा अभ्यास आवर्जून सांगते.

याची दुसरी बाजू अशी की हातात भरपूर रिकामा वेळ असणं म्हणजेही ताबा असणं नव्हे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव आहे. तिथली कापडगिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी १९३१-३२ मध्ये तिथे जाऊन बारकाईनं पाहणी केली. वाटलं असतं की वेळ मिळाला म्हणजे लोक वाचतील, चर्चा करतील. झालं उलटं. वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. अभ्यासकांनी लपून घड्याळ लावून लोकांची चाल मोजली तेव्हा पुरुष हळू चालत होते, मध्येच थांबत होते. बायका त्यांच्यापेक्षा झपाझप चालत होत्या, कारण त्यांच्या दिवसाला घरकामाचा आकार उरला होता. तुमचा भाऊ सध्या काम करत नसेल, तर "तुला काय, नुसता आराम" असं घरात कुणी म्हणत असेल ते आधी थांबवा.

आता माणसांबद्दल. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांच्या नैराश्याचा अभ्यास १९७८ मध्ये मांडला. मोठा आघात सोसलेल्या बायकांपैकी कोण कोलमडतं हे पाहिल्यावर चार गोष्टी पुढे आल्या: मन मोकळं करता येईल असं जवळचं माणूस नसणं, घरात तीन किंवा जास्त लहान मुलं असणं, घराबाहेर काम नसणं आणि वयाच्या अकराव्या वर्षाआधी आई जाणं. यातली पहिली गोष्ट मला रोज दिसते. घर माणसांनी भरलेलं असतं आणि बोलायला कुणी नसतं. गर्दी म्हणजे सोबत नव्हे. एका खोलीत सहा जण झोपतात तिथे रडायलासुद्धा जागा नसते. म्हणून मी आता विचारते, "घरात तुम्हाला एकटं बसायला कुठे मिळतं?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "रात्री दोन वाजता कुणाला उठवू शकता?" दुसऱ्या प्रश्नावर माणूस किती वेळ गप्प राहतो, ते मी टिपून ठेवते.

पण माणसांच्या बाबतीत सरळ गणित मांडू नका. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात पाच मोठ्या शहरांतल्या सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांना घेऊन एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकून त्यातल्या काहींना चांगल्या वस्तीत राहायला जाण्यासाठी भाड्याची मदत दिली. मोठ्या माणसांचं मनःस्वास्थ्य सुधारलं, मुलींचंही. किशोरवयीन मुलग्यांचं मात्र बिघडलं. का, यावर एकमत नाही. मला विचाराल तर जुने मित्र तुटणं आणि नव्या जागी संशयानं बघितलं जाणं यांची किंमत मुलग्यांना जास्त मोजावी लागली असावी. म्हणून कुणी "वस्तीच वाईट आहे, दुसरीकडे राहायला जा" म्हणालं की मी थांबवते. घर बदलताना नातीही मोडतात. ते नुकसान आणि नव्या जागेचा फायदा यांत कोणतं पारडं जड होईल, हे माणसागणिक आणि वयागणिक बदलतं.

आणखी एक मर्यादा स्पष्ट सांगते. सगळे मानसिक आजार परिस्थितीतून येत नाहीत. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजारात (ज्यात कधी अति उत्साह, कधी खोल उदासी असे टोकाचे झोके येतात) आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, उत्तम परिस्थितीतल्या घरांतही ते होतात. नैराश्यातसुद्धा काही जणांना कुठलंही बाहेरचं कारण नसतं. "तुला काय कमी आहे?" हा प्रश्न अशा माणसाला सर्वांत जास्त दुखावतो. आणि परिस्थिती हे कारण असलं तरी उपचार थांबवायचे नसतात. विस्तवानं भाजलं हे कळलं म्हणून कुणी मलम लावायचं सोडत नाही. नैराश्यात माणसाची उमेद, एकाग्रता, झोप सगळं जातं, आणि परिस्थितीशी झगडायला नेमकं तेच लागतं. औषधानं आणि समुपदेशनानं ते परत मिळतं. माझ्या गोदामातल्या रुग्णाला औषध नसतं मिळालं तर तो त्या बैठकीत सुपरवायझरसमोर उभा राहू शकला असता का, याबद्दल मला शंका आहे.

समुपदेशन म्हणजे नुसता धीर देणं असा समज असेल तर हरारेचं उदाहरण पाहा. झिम्बाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी २००६ साली वस्तीतल्या आज्यांनाच प्रशिक्षण दिलं. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक, त्यावर आजी आणि शेजारी रुग्ण. आजी आधी सगळं ऐकते, मग सगळ्या अडचणींपैकी एकच निवडायला सांगते आणि तिच्यावर पुढच्या भेटीपर्यंत करता येईल असं एक पाऊल ठरवून घेते. शहरातल्या २४ दवाखान्यांत ५७३ जणांवर याची रीतसर चाचणी झाली, २०१६ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कितीतरी कमी होतं. त्या बाकावर एकाच वेळी दोन गोष्टी मिळतात: ऐकणारं माणूस आणि हातात येणारा एक निर्णय. वर मी ज्याबद्दल बोलत होते, त्या नेमक्या याच.

वस्तीच्या पातळीवर काय करता येईल, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. घरं, रोजगार, वेतन हे मोठे विषय धोरणाचे आहेत आणि तिथे आवाज उठवायलाच हवा. पण लहान बदलांना कमी लेखू नका. फिलाडेल्फियात ५४१ पडीक, कचऱ्यानं भरलेल्या भूखंडांवर प्रयोग झाला. काहींवर कचरा काढून गवत पेरलं, थोडी झाडं लावली, आत जाता येईल असं बुटकं लाकडी कुंपण घातलं आणि दर महिन्याला देखभाल ठेवली. काहींवर फक्त साफसफाई केली आणि काही तसेच ठेवले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात हिरव्या केलेल्या जागांजवळ राहणाऱ्यांमध्ये उदास वाटण्याचं प्रमाण तसेच ठेवलेल्या जागांच्या तुलनेत ४१.५ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. नुसत्या साफसफाईनं तसा ठोस फरक पडला नाही. माझ्या मते ते बुटकं कुंपण महत्त्वाचं आहे. या जागेकडे कुणाचं तरी लक्ष आहे, हे त्यातून दिसतं.

सुरुवात कुठून करायची, तर माझा सल्ला असा. वस्तीत कोणता त्रास सर्वांत मोठा आहे हे विचारू नका, यादी संपणार नाही. विचारा, कोणती गोष्ट कधी घडेल याचा भरवसा नाही. पाणी, वीज, बस, पगार, घरमालकाची नोटीस, रात्रीचा गोंगाट, रस्त्यावरचा दिवा. जिथे बरीच बोटं एकाच गोष्टीकडे जातील ती धरा. ती पूर्ण सुटली नाही तरी तिला वेळापत्रक मिळवून द्या. पाणी कमी येत असेल तरी ठरलेल्या वेळी यावं, यासाठी आधी भांडा. ते मिळवताना लोक एकत्र येतात, आपल्या म्हणण्यानं काही हललं हे अनुभवतात, आणि त्याचाही मनावर परिणाम होतो. हा शेवटचा भाग मी आकड्यांनी सिद्ध करू शकणार नाही, पण केंद्रात बसून अनेकदा पाहिलाय.

आता भावाकडे येते. तो मरणाबद्दल बोलत असेल, निरवानिरवीची भाषा करत असेल, खाणंपिणं सोडलं असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, एकटं सोडू नका. तसं नसेल आणि त्याचे उपचार चालू असतील तर ते चालू राहू द्या. तुम्ही दोघं एकाच घरात वाढलात असं तुम्ही लिहिलंय, पण भावंडांचं घर एक असलं तरी वाट्याला येणारं घर एक नसतं. थोरल्याच्या लहानपणी वडिलांना काम होतं, धाकट्याच्या वेळी गेलेलं असतं. एकाला मित्र मिळाला, दुसऱ्याला मारकुटा वर्ग मिळाला. त्याच्या वाट्याचं घर कसं होतं, हे त्याला कधी निवांत विचारलंय का?

तुलना तर अजिबात करू नका, मनातल्या मनातही. एक दिवस त्याच्याजवळ बसून त्याचा कालचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत तासातासानं विचारा. कुठे झोपला, कशानं जाग आली, कुणाशी बोलला, कशाची वाट बघत होता, कुठल्या गोष्टीचा निर्णय त्याचा स्वतःचा होता. सल्ला देऊ नका, फक्त लिहून घ्या. जिथे तो बराच वेळ गप्प राहील तिथे खूण करा, आणि पुढच्या तपासणीला तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.